केटी८८ च्या मोनोब्लॉकमधल्या ट्यूब खरंच दर वर्षी बदलाव्या लागतात का?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी केटी८८ या पॉवर ट्यूबच्या जुन्या परदेशी मोनोब्लॉकची (प्रत्येक स्पीकरला वेगळा अँप्लिफायर) जोडी मिळतेय. घ्यावी का? आणि ‘ट्यूब नाजूक असतात, दर वर्षी सेट बदलावा लागतो’ असं दुकानदार म्हणतो, ते खरं का?

जोडी घ्या. दुकानदाराचं म्हणणं साफ चूक आहे. नीट बायस केलेली (म्हणजे आवाज नसतानाचा करंट योग्य ठेवलेली) चांगली केटी८८ काही हजार तास चालते. रोज दोन तास ऐकलंत तर वर्षाचे साडेसातशे तासही होत नाहीत. वर्षभरात ट्यूब जात असेल तर तिला कोणीतरी मारतंय, आणि ते शोधायचं सोडून नवी ट्यूब विकणं याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

मध्यंतरी टेबलावर आलेली एक जोडी सांगतो. पुश-पुल (दोन ट्यूब आळीपाळीने ओढतात), प्रत्येकात दोन केटी८८, फिक्स्ड बायस (निगेटिव्ह व्होल्टेज वेगळ्या सप्लायचा, प्रीसेट या छोट्या फिरत्या रेझिस्टन्सने लावायचा), प्लेटला ४८० व्होल्ट. उजव्या मोनोब्लॉकमधली एक ट्यूब मधूनच लाल व्हायची, तीही पावसाळ्यात आणि चालू करून तास-दीड तास झाल्यावर. एका दुकानाने मालकाला तीन वेळा मॅच्ड (सारखा करंट घेणाऱ्या) जोड्या विकल्या होत्या. तिन्ही वेळा निदान एकच, ‘ट्यूब गेली’. दोन्ही ट्यूबची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागतात, तेवढंही कोणी केलं नव्हतं. लाली ट्यूबबरोबर सरकली तर दोष ट्यूबचा, त्याच सॉकेटवर राहिली तर सर्किटचा. इथे ती सॉकेटवरच राहिली.

कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, आठ नंबरची पिन) १० ओमचा रेझिस्टन्स होता. त्यावर ०.५५ व्होल्ट म्हणजे ५५ मिलिअँपिअर. यात स्क्रीनचा (दुसऱ्या ग्रिडचा) करंटही येतो, त्यामुळे प्लेटचा आकडा जरा कमीच, पण हिशेबाला पुरतो. ४८० गुणिले ०.०५५ म्हणजे २६.४ वॉट. केटी८८ ची प्लेट ४२ वॉटची, म्हणजे आपण ६३ टक्क्यांवर. ६० ते ७० टक्के ही माझी पसंतीची जागा. विणकामाच्या प्लॅस्टिकच्या सुईने बायसच्या प्रीसेटवर टिचकी मारली आणि मीटर ०.५५ वरून १.१ वर गेलं. ११० मिलिअँपिअर, ५३ वॉट. प्लेट लाल होणारच.

झालं होतं असं की प्रीसेटचा वायपर (आतला सरकता संपर्क) दमट हवेने आणि धुळीने काळा पडून मध्येच संपर्क सोडत होता. वायपर सुटला की ग्रिडचा (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीचा) निगेटिव्ह व्होल्टेज जातो आणि ट्यूबला लगामच उरत नाही. उपाय दोन-चार रुपयांचा. प्रीसेट २५ किलोओमचा असेल तर वायपरपासून निगेटिव्हकडच्या टोकाला २२० किलोओमचा पाव वॉटचा रेझिस्टन्स सोल्डर करा. मग वायपर सुटला तरी ग्रिडला पूर्ण निगेटिव्ह मिळतो. ट्यूब बंद पडते, आवाज फाटतो, पण ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाचतात. रेझिस्टन्स टाकल्यावर बायस थोडा हलतो, तो पुन्हा लावायचा. प्रीसेटही नवा आणि बंद डबीचा घाला.

त्याच जोडीत दुसरा मारेकरी होता. मेन्स ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची बाजू) २२० व्होल्टची. तुमच्या घरी रात्री अकरानंतर मीटर लावून बघा, २४५ दिसलं तर आश्चर्य वाटायला नको. २२० च्या प्रायमरीला २४५ दिले की ६.३ चा हीटर ७ व्होल्टवर जातो आणि ४८० चे ५३४ होतात. बायसही त्याच प्रमाणात वाढतो, तरी करंट ५५ वरून ६४-६५ वर चढतो. प्लेटवर साडेचौतीस वॉट. तीच ट्यूब ६३ वरून ८२ टक्क्यांवर गेली, आणि कोणी प्रीसेटला हातही लावला नाही.

क्लिक-क्लिक करणारा रिलेचा स्टॅबिलायझर यासाठी घेऊ नका. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, २३० ला १२ व्होल्टचा, ३ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर आणा. प्रायमरी मेन्सला, सेकंडरी फेजच्या वाटेत उलट्या दिशेने सिरीज. २४५ चे २३२ होतात. दोन्ही मोनोब्लॉक मिळून सव्वा-दीड अँपिअर ओढतात, त्यामुळे ३ अँपिअर पुरे. आधी बल्ब लावून व्होल्टेज मोजा. कमी होण्याऐवजी वाढलं तर सेकंडरीच्या दोन तारा अदलाबदल करा. फ्यूज आणि बंद पेटी हवीच. २२० च्या प्रायमरीला २३२ थोडे जास्तच, पण हीटर ६.६५ वर येतो, चालतं. बायस मात्र रात्री लावा, व्होल्टेज सर्वांत जास्त असताना, आणि तोही अर्धा तास तापल्यावर.

तिसरं कारण कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आधीच्या टप्प्यातून आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला सिग्नल देणारा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कागदी कंडेन्सर असतील तर न तपासता बदला. तपासायचंच असेल तर आउटपुट ट्यूब काढून पाच नंबरच्या पिनवर (ग्रिड) बायस मोजा, मग कंडेन्सरचं एक टोक सोडवून पुन्हा मोजा. आकडा हलला तर कंडेन्सर गळतोय, म्हणजे पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर येऊन बायस खातोय.

गुणगुण तपासायला स्पीकरला कान लावणं पुरत नाही. काळी चारला लावलेल्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावा. त्याचा खर्ज साधारण १०४ हर्ट्झला येतो आणि फिल्टर कंडेन्सर (सप्लायचा डीसी गुळगुळीत करणारे) थकले की येणारी गुणगुण १०० हर्ट्झची. खर्जाखाली सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू आले तर फिल्टर बदलायची वेळ आली. ५० हर्ट्झची गुणगुण हीटर किंवा अर्थिंगच्या वाटेने येते, तिथे फिल्टर बदलून काही होत नाही.

‘कंपनीच्या डिझाइनला हात लावू नये, बायस ग्राहकाने बघायचा नसतो’ हे तीनदा जोड्या विकणाऱ्या त्या दुकानाचं ठरलेलं उत्तर. मरँट्झने १९६० च्या मॉडेल ९ मध्ये बायस बघायचं मीटर थेट पुढच्या पॅनलवर दिलं होतं. तो चार ईएल३४ चा, ७० वॉटचा मोनोब्लॉकच होता. मालकाने बायस बघायचाच नसता तर ते मीटर तिथे कशाला? तुमच्या दुकानदाराला एवढंच विचारा, ‘वायपर सुटला तर काय होतं?’ उत्तर आलं नाही तर त्याच्याकडून ट्यूबही घेऊ नका.

पॉवरचं म्हणाल, तर एक जोडी केटी८८ चे ४०-५० वॉट फ्लॅटला भरपूर. चार ट्यूबचे १०० वॉट घेतलेत तर फक्त तीन डेसिबल वाढतात, उष्णता मात्र दुप्पट, आणि एप्रिलमध्ये ती खोलीत जाणवते. ट्यूब कुठल्या कंपनीची यापेक्षा जोडीतला फरक बघा. एकाच बायसवर ५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त फरक नको, टोरॉइडल आउटपुट ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याहूनही कमी.

वरचे आकडे फिक्स्ड बायसचे आहेत. कॅथोड बायसच्या सेटमध्ये (कॅथोडच्या रेझिस्टन्सवर ट्यूबचाच करंट बायस तयार करतो) प्रीसेट नसतो, तिथे हे लागू नाही. स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. बरीच वर्षं बंद असलेला सेट आधी १०० वॉटच्या जुन्या तारेच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावा. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणारा फिरता ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवायचा असेल आणि आत जीझेड३४ सारखी रेक्टिफायर ट्यूब (एसीचा डीसी करणारी) असेल, तर कमी व्होल्टेजला ती तापतच नाही, त्यामुळे कंडेन्सरपर्यंत काहीच पोचत नाही. तिच्या जागी तात्पुरते डायोड लावावे लागतात.

आणि खालची प्लेट उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट राहू शकतात. २.२ किलोओम, ५ वॉटचा रेझिस्टन्स मगरचिमट्याने चासीला जोडून दुसरं टोक इन्सुलेटेड पकडीने कंडेन्सरला लावा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा, मगच हात घाला. चालू सेटवर मोजताना एक हात खिशात ठेवा.