वीज एकीकडे, हिरवेपणा दुसरीकडे

प्रश्न : आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर गेली अनेक वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. त्यांचे मालक वीज तर विकतातच, शिवाय त्याच विजेचे ‘हरित प्रमाणपत्र’ वेगळे विकून पैसे मिळवतात, असे ऐकले. एकच माल दोनदा विकणे कायद्यात कसे बसते? आणि असा कागद विकत घेणाऱ्याच्या पदरात काय पडते?
– एक वाचक, निजामपूर (ता. साक्री)

उत्तर : माल दोनदा विकला जात नाही, एका मालाचे दोन भाग होतात आणि ते निरनिराळ्या बाजारांत जातात. आपल्याकडे कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई सूतगिरणीच्या वाटेला लागते आणि सरकी तेलगिरणीच्या, पण एकच कापूस दोनदा विकला असे कोणी म्हणत नाही. तसेच येथेही आहे. वीज एकदा तारेत शिरली की ती दीपनगरच्या औष्णिक केंद्रातल्या कोळशाची की ब्राह्मणवेलच्या वाऱ्याची, हे ओळखण्याचा कोणताही उपाय नाही. म्हणून ती साध्या विजेच्या भावाने विकायची आणि ‘ही वीज वाऱ्यापासून झाली’ हा तिचा गुण प्रमाणपत्राच्या रूपाने वेगळा काढायचा, अशी ही योजना आहे. मात्र ज्याने सरकी विकली त्याने तिच्या तेलावर हक्क सांगू नये. प्रमाणपत्र विकणाऱ्यालाही पुढे आपली वीज हरित असल्याचा दावा करता येत नाही.

हा कागद घेतो कोण, याचे उत्तर २००३ च्या विद्युत कायद्यात आहे. त्या कायद्यानुसार राज्य वीज नियामक आयोग वितरण कंपन्यांना, तसेच स्वतःचे औष्णिक केंद्र चालवणाऱ्या किंवा मुक्त प्रवेशाने, म्हणजे स्थानिक वितरण कंपनीऐवजी बाहेरच्या विक्रेत्याकडून, वीज आणणाऱ्या मोठ्या उद्योगांना, एकूण विजेपैकी ठरावीक टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे बंधन घालतो. ज्याला प्रत्यक्ष तशी वीज मिळत नाही त्याने तेवढी प्रमाणपत्रे घ्यावीत, यासाठी केंद्रीय आयोगाने २०१० मध्ये नियम केले आणि २०११ पासून वीज बाजारांत त्यांचे व्यवहार सुरू झाले. १ प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिट. प्रकल्पाला राज्यात महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेची मान्यता घ्यावी लागते, देशाच्या वीज ग्रिडचे नियंत्रण करणाऱ्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे नोंदणी करावी लागते, आणि मीटरवर मोजून ग्रिडमध्ये गेलेल्या युनिटांपुरतीच प्रमाणपत्रे खात्यावर जमा होतात. खरेदीदाराने ते बंधनापोटी वापरले की ते रद्द होते. पुन्हा विकता येत नाही.

आता आपल्या पठाराविषयी. तिथल्या प्रत्येक पवनचक्कीला प्रमाणपत्रे मिळतात असे समजू नये. ज्यांनी आयोगाने पवन विजेसाठी ठरवून दिलेल्या वाढीव दराने महावितरणशी दीर्घ मुदतीचे करार केले, त्यांच्या विजेचा हरित गुण त्या दरातच विकला गेला आहे. एकाच गुणाचे पैसे दोनदा घेणे म्हणजे आपण म्हणता तीच फसवणूक झाली असती, आणि नियमांनी ती वाट बंद केली आहे.

या पैशाने हरित विजेला आधार मिळतो का, हे सर्वस्वी भावावर अवलंबून आहे, आणि या भावाची कहाणी फारशी अभिमानास्पद नाही. १.२५ मेगावॅटची एक पवनचक्की धरू. वर्षभराच्या हिशेबात ती क्षमतेच्या २० टक्के चालली तर सुमारे २१ लाख ९० हजार युनिट, म्हणजे २,१९० प्रमाणपत्रे होतात. सुरुवातीला पवन विजेच्या प्रमाणपत्राला किमान १,५०० रुपयांची हमी होती. त्या भावाने मालकाला वर्षाला ३२ लाख ८५ हजार रुपये जादा मिळाले असते. २०२४ मध्ये भाव ४०० रुपयांच्या खाली उतरला होता. ३५० रुपयांनी हिशेब केला तर तेच उत्पन्न ७ लाख ६६ हजारांवर येते, म्हणजे युनिटमागे ३५ पैसे. सौर प्रमाणपत्रांची घसरण याहून मोठी होती. त्यांची किमान किंमत आरंभी १२,००० रुपये होती आणि २०१७ मध्ये ती १,००० वर आणली गेली. पॅनेल स्वस्त झाले हे त्याचे एक कारण खरे. पण मधल्या अनेक वर्षांत वितरण कंपन्यांनी बंधन पाळले नाही तरी आयोग ते पुढे ढकलत राहिले, आणि न विकलेल्या प्रमाणपत्रांचे ढीग साचले. माझ्या मते खोट प्रमाणपत्रात नव्हती, सक्ती करण्याच्या इच्छेत होती. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी किमान आणि कमाल किमतीही काढून टाकल्या व प्रमाणपत्र विकले जाईपर्यंत वैध ठेवले. ढीग नासत नाही एवढाच यातला दिलासा; भावाचा आधार मात्र गेला. स्वीडन आणि नॉर्वे यांनी २०१२ पासून असाच सामायिक बाजार चालवला; तिथेही उद्दिष्टापेक्षा प्रकल्प जास्त झाले आणि भाव कोसळले.

प्रश्न : माझे रावेर तालुक्यात केळीचे शीतगृह आहे. छतावर नेट मीटरिंगचा (जादा वीज महावितरणला जाऊन ती बिलातून वजा होते असा) सौर संच आहे, तरी वर्षाला सुमारे ३ लाख युनिट महावितरणकडून घ्यावे लागतात. निर्यातीचे खरेदीदार हरित विजेचा पुरावा मागतात. माझ्या संचाची प्रमाणपत्रे मला मिळतील का?
– एक उद्योजक, रावेर

उत्तर : मिळणार नाहीत. आपल्यासारख्या ग्राहकावर खरेदीचे बंधन नसल्यामुळे नेट मीटरिंगखालील संचाची वीज महावितरणच्या बंधनात मोजली जाते. आपला लाभ बिलातून वजा होणाऱ्या युनिटांचा.

उरलेल्या ३ लाख युनिटांसाठी दोन मार्ग आहेत. बंधन नसतानाही प्रमाणपत्रे स्वेच्छेने विकत घेता येतात. आपल्याला ३०० लागतील, म्हणजे ३५० रुपयांच्या भावाने १ लाख ५ हजार रुपये, शुल्क व कर निराळे. दुसरा मार्ग महावितरणच्या हरित दराचा, म्हणजे जादा पैसे देऊन तिच्याकडूनच हरित वीज घेण्याचा. राज्य आयोगाने २०२१ मध्ये तो युनिटमागे ६६ पैसे जादा असा ठरवला होता. त्या दराने १ लाख ९८ हजार झाले असते. आजचे दोन्ही भाव पाहून निर्णय घ्यावा आणि खरेदीदार कोणता पुरावा मान्य करतो हे त्याच्याकडून आधी लेखी घ्यावे. दलालाने दाखवलेला ‘कार्बन क्रेडिट’चा कागद मात्र यासाठी चालणार नाही, ते १ टन कार्बन डायऑक्साइडचे माप आहे, १,००० युनिटांचे नव्हे.

प्रश्न : अमळनेरजवळची आमची पडीक जमीन मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी भाड्याने मागत आहेत. प्रमाणपत्रांत आमचा वाटा असेल का?
– एक शेतकरी, अमळनेर

उत्तर : नाही. त्या प्रकल्पाची वीज निविदेतील दराने महावितरण घेते आणि हरित गुण त्यातच येतो, त्यामुळे प्रमाणपत्रे तयारच होत नाहीत. आपला हक्क भाड्यावर आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तो हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. ती वाढ करारनाम्यात स्पष्ट लिहिलेली आहे की नाही, हे सहीपूर्वी स्वतः वाचून पाहावे.