नेमबाजी: वाचकांचे प्रश्न – चापाचे वजन किती आणि कशासाठी?

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी वर्षभरापासून १० मीटर एअर पिस्तूल शिकत आहे. तिचा हात लहान आहे आणि चाप ओढताना पिस्तूल हलते. तिच्या पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमचा आहे, पण शेजारच्या रायफलवाल्या मुलांचे चाप नुसते बोट टेकताच सुटतात. तिचा चाप ३०० ग्रॅमवर आणता येईल का? निदान सरावापुरता?
– एक पालक, कोल्हापूर

आपल्या मुलीची अडचण खरी आहे, पण तिचे मूळ चापाच्या वजनात नसावे असे मला वाटते. आधी नियम सांगतो. चापाचे वजन म्हणजे तो सुटण्यासाठी बोटाने द्यावा लागणारा जोर. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो, आणि कनिष्ठ गटालाही त्यात सवलत नाही. याउलट १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या प्रकारांत किमान वजनाची अटच नाही. पॅरिस येथे २०२४ साली आपल्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो प्रकारही याच मोकळ्या गटातला. त्यामुळे आपण रेंजवर जे पाहिले ते बरोबर पाहिले. रायफलचे चाप शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही हलके ठेवलेले असतात.

रायफल मात्र चार-पाच किलोची असते. ती खांद्याला टेकलेली, गालाला चिकटलेली आणि डाव्या हातावर पेललेली असते, म्हणजे बोटाने केलेली लहानशी चूक तिच्या वजनातच विरून जाते. एअर पिस्तूल साधारण एक किलोचे असते आणि ते लांब केलेल्या एकाच हातावर धरलेले असते. त्यावरचा ५०० ग्रॅमचा चाप म्हणजे शस्त्राच्या निम्म्या वजनाइतका जोर, आणि म्हणूनच तो जोर कोणत्या दिशेने लागतो याला पिस्तुलात एवढे महत्त्व आहे. बोट चापावर सरळ मागे, नळीच्या रेषेत दाबले गेले तर तो सगळा जोर तळहाताच्या मागच्या भागावर येतो, तिथेच पेलला जातो आणि पिस्तूल जागचे हलत नाही. तेच बोट केवळ पाच अंश तिरके ओढले गेले तर ५०० ग्रॅमपैकी सुमारे ४४ ग्रॅम जोर बाजूला लागतो. पुढची आणि मागची साइट (नेम धरण्याच्या खुणा) यांच्यात साधारण ३५ सेंटिमीटरचे अंतर धरले, तर पुढची साइट अवघी एक मिलिमीटर सरकली की दहा मीटरवरच्या कागदावर छर्रा जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूला जातो, आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास तर साडेअकरा मिलिमीटरच आहे.

चाप ३०० ग्रॅमवर आणल्यास तो बाजूचा जोर ४४ वरून २६ ग्रॅमवर येईल, हे खरे. पण बोट तिरकेच राहील, आणि स्पर्धेच्या दिवशी चाप पुन्हा ५०० वर न्यावा लागेल तेव्हा तीच चूक दुप्पट जाणवेल. सरावाचे एक वजन आणि स्पर्धेचे दुसरे असे केल्याने मुलांच्या बोटाला सुटण्याचा क्षण ओळखताच येत नाही, आणि मग ती तो क्षण डोळ्याने ठरवू लागतात: साइट जुळलेली दिसली की झटका. ही सवय एकदा लागली की सोडवायला महिने जातात. म्हणून सरावापुरतासुद्धा चाप हलका करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याऐवजी तीन गोष्टी प्रशिक्षकांकडून तपासून घ्या. पहिली गोष्ट म्हणजे चापाच्या पात्याची जागा. स्पर्धेच्या पिस्तुलांत ते पाते पुढे-मागे सरकवता येते आणि थोडे फिरवताही येते. लहान हाताला ते मागे घ्यावे लागते, म्हणजे बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग पात्यावर सपाट बसतो आणि बाकीचे बोट ग्रिपला न घासता मोकळे राहते. दुसरी गोष्ट ग्रिपची. मोठ्यांच्या मापाची ग्रिप लहान हातात असेल तर मूल बोट पोहोचवण्यासाठी मनगटच वळवते, आणि मग चापाचे कितीही समायोजन केले तरी ते वाया जाते. या वयात हात वाढत असल्यामुळे ग्रिपचे माप दर सहा महिन्यांनी पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे ५०० ग्रॅमची दोन टप्प्यांत वाटणी. या पिस्तुलांचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट स्प्रिंगविरुद्ध काही मिलिमीटर सहज मागे येते आणि एका भिंतीशी थांबते. त्या भिंतीवर आणखी थोडा जोर दिला की आतला खटका सुटतो. नियमातले ५०० ग्रॅम म्हणजे सुटतेवेळचा एकूण जोर, आणि त्याची वाटणी कशी करावी हे नेमबाजाच्या हातात आहे. नवशिक्यांसाठी मी साधारण ३५० ते ४०० ग्रॅम पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्या टप्प्यात ठेवतो. बहुतेक जोर लक्ष्याकडे येता येताच बोटावर येऊन राहतो आणि शेवटी थोडेच काम उरते, त्यामुळे मुलांना चाप "हलका झाला" असे वाटते, आणि नियमही पाळला जातो. दोन्ही टप्प्यांचे स्क्रू वेगळे असतात आणि कोणता कोणता हे त्या त्या पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत आकृतीसह दिलेले असते. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याहून अधिक नाही, आणि आधीची जागा वहीत लिहून मगच, अशी शिस्त ठेवावी. चाप सुटल्यानंतर बोट मागे कोठे थांबते, तोही एक स्क्रू असतो. तो फार मोकळा असेल तर चाप सुटताच बोट एकदम मागे आदळते आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तुलाला धक्का बसतो. पुष्कळ वेळा खरा दोष इथेच सापडतो आणि दोषी ठरवले जाते ते वजनाला.

प्रश्न : घरी सामान मोजण्याच्या डिजिटल काट्याने माझ्या एअर पिस्तुलाचा चाप ५२० ग्रॅम भरला होता. जिल्हा स्पर्धेच्या साहित्य-तपासणीत मात्र तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा कसाबसा पास झाला. काटा चुकला की तपासनीस?
– एक महाविद्यालयीन नेमबाज, रत्नागिरी

बहुधा दोघेही चुकले नाहीत. दोन्हीकडे मोजण्याची रीत वेगळी होती. तपासणीत नळी सरळ उभी धरतात, ५०० ग्रॅमचे ठोस वजन सपाट पृष्ठभागावर ठेवलेले असते, त्याची पातळ कडेची पट्टी चापाच्या मध्याजवळ अडकवतात आणि पिस्तूल वर उचलून वजन अधांतरी केले जाते. खटका सुटला नाही तर शस्त्र पास. यासाठी तीनच प्रयत्न मिळतात. तुमचा काटा हुकाने ओढला जातो. हूक पात्याच्या टोकाकडे सरकला की तरफेची भुजा लांबते आणि आकडा कमी येतो, तर बिजागरीकडे सरकला की जास्त येतो. ओढण्याची दिशा थोडी बदलली तरीही आकडा बदलतो, आणि असे काटे सहसा ओढीतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतात. तेव्हा त्यावरचे ५२० म्हणजे तपासणीच्या रीतीने ४९० असू शकते.

दुसरे कारण हाताचे आहे. वजन उचलताना झटका दिला तर चापावर ५०० पेक्षा जास्त जोर येतो. दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतक्या मंद प्रवेगानेही तो सुमारे ५५० ग्रॅमच्या बरोबरीचा होतो. पिस्तूल तुम्हालाच उचलायला सांगितले असेल तर अगदी सावकाश, टेबलावरून ताट उचलावे तसे उचला. घरी मोजायचे तर क्लबमधले तपासणीचे वजनच वापरा. पिस्तुलात छर्रा नाही याची आधी डोळ्याने खात्री करून घ्या आणि मग हवेचा दाब भरलेल्या, कॉक केलेल्या स्थितीतच मोजा, कारण नियमही तेच सांगतो आणि काही पिस्तुलांत ड्राय-फायरच्या (छर्रा न सोडता नुसता चाप ओढण्याच्या सरावाच्या) स्थितीतला आकडा थोडा वेगळा येतो. चाप ५०० वर नेमका ठेवण्याऐवजी १०-१५ ग्रॅम वर ठेवावा. एवढा फरक बोटाला कळत नाही, पण खेळ संपल्यावर अचानक होणाऱ्या तपासणीत चाप कमी भरला तर नेमबाज बाद होतो, आणि त्या वेळी दिवसभराची मेहनत कोणी परत देत नाही. कोकणच्या दमट हवेत आतल्या भागांवर धूळ आणि तेलाचे थर बसतात. त्यानेही आकडा सरकतो, म्हणून मोठ्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी मोजा, आदल्या रात्री स्क्रू फिरवू नका.

प्रश्न : मी एअर पिस्तुलातून २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलात जाण्याचा विचार करते आहे. चाप एकदम १००० ग्रॅमचा होणार. जुळवून घ्यायला किती अवघड जाईल?
– एक नेमबाज, पुणे

सुरुवातीचे काही आठवडे अवघड जातील, पण दोन्ही प्रकार एकाच वेळी खेळणारे नेमबाज आहेत. मनू भाकर यांनी पॅरिसला १० मीटरमध्ये कांस्य मिळवले आणि २५ मीटरमध्ये त्या चौथ्या आल्या. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक याच २५ मीटर प्रकारातले. खरा फरक रॅपिडच्या, म्हणजे झटपट टप्प्याच्या, तीस गोळ्यांमध्ये पडतो. तिथे लक्ष्य फक्त तीन सेकंद उघडते आणि हात पंचेचाळीस अंशांवरून वर यायचा असतो. पहिल्या टप्प्याचा जोर हात वर येत असतानाच पूर्ण घेतला पाहिजे. साइट स्थिर झाल्यावर चाप ओढायला सुरुवात करणाऱ्याला १००० ग्रॅम दगडासारखे लागतात. सुरुवातीला गोळीविना, नुसत्या भिंतीकडे पाहून हात उचलणे आणि पहिला टप्पा घेणे यांची सांगड रोज वीस मिनिटे घाला.

जाता जाता एक सांगतो. ५० मीटर पिस्तुलाला चापाच्या किमान वजनाचे बंधन नाही, आणि तिथे फुंकरीने सुटावेत इतके हलके चाप ठेवणारे नेमबाज होते. २०१६ च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आमच्याकडे आजोबांपासूनची बारा बोअरची बंदूक आहे. चाप फार जड आहे. आतला खटका थोडा घासून तो हलका करता येतो असे एकाने सांगितले. करावे का?
– एक शेतकरी, सिंधुदुर्ग

करू नये. रेंजवरचे शस्त्र एका जागी, नळी लक्ष्याकडे ठेवून वापरले जाते. तुमची बंदूक मात्र रात्री बांधावरून, ओल्या गवतातून, कधी कुंपण ओलांडून चालते, आणि तिथे चापाचा जडपणा हेच एक संरक्षण असते. खटक्याच्या दोन पृष्ठभागांची पकड फार थोडी असते. ती घासून कमी केली, किंवा तिचा कोन बदलला, तर बंदूक खाली पडल्यावर किंवा नुसता दणका बसल्यावरही सुटू शकते, आणि घासलेले लोखंड परत आणता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, म्हणून गावातल्या लोहाराकडे किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे ती देऊ नका. पूर्वी नसलेला जडपणा अलीकडे आला असेल तर आत गंज किंवा वाळलेले तेल असण्याची शक्यता मोठी आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ती परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीकाराकडे न्या आणि फक्त साफ करून, तेल देऊन, खटक्याची झीज तपासून देण्यास सांगा.