दादाच्या नडगीचं काय?

'ताई, २६ जुलै २००५ ला मी सात वर्षांची होते. कालिन्याच्या शाळेतून बाबांनी मला खांद्यावर बसवून, छातीभर पाण्यातून कुर्ल्याला घरी आणलं. त्यांच्या ओल्या शर्टाचा वास अजून आठवतो. दादा म्हणतो, "बाबा नव्हतेच, मी आणलं." नडगीवरचा व्रण दाखवून भांडतो. बाबा आता नाहीत, आणि याला असं बोलवतं तरी कसं? यंदा भाऊबीजेला त्याला बोलावलंच नाही.'

अगं, तो व्रण एका वाक्यात उडवून लावलास? मी तिथेच अडले. सोळा वर्षांच्या पोराची नडगी घरात बसून फुटत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गढूळ पाण्याखाली उघडं गटार आहे की तुटका पत्रा, दिसत होतं कुणाला! (मी त्या रात्री दादरला ऑफिसातल्या टेबलावर झोपले. निदान मला तरी तसं आठवतं.)

तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. वास खराच असेल, शर्ट दादाचा असेल. आठवण काढताना दर वेळी आपण ती थोडी नव्याने रचतो. बाबा गेले, ते हवेसे वाटत राहिले, आणि दर पावसाळ्यात सांगता सांगता खांदा तोच राहिला, चेहरा बदलला. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या मानसशास्त्रज्ञांचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. २४ जणांना घरच्यांकडून मिळालेल्या खऱ्या हकिगतींत एक बनावट मिसळून दिली: लहानपणी तू मॉलमध्ये हरवलास, एका वयस्क माणसाने तुला शोधून घरच्यांच्या हवाली केलं. नंतरच्या मुलाखतींतही सहा जणांना ती पूर्ण किंवा थोडीफार 'आठवत' होती. तिथे निदान सांगणारं दुसरं कुणी होतं. तुझ्याकडे सांगणारी तूच, ऐकणारीही तूच, आणि वीस वर्षं हातात.

मला राग येतोय तो भाऊबीजेचा. ज्याने पाय फोडून घेतला, त्यालाच तू पाटावरून उठवलंस.

या रविवारी त्याच्या घरी जा. एवढंच विचार, 'दादा, पायाला नेमकं कुठे लागलं होतं?' मग गप्प बस. मध्येच 'पण मला आठवतंय' म्हणायचं नाही. बाबा त्या रात्री कुठे होते, हेही विचारू नकोस. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. त्याचं ऐकून घेतल्यावरही डोळे मिटलेस की बाबाच दिसतील कदाचित. दिसू देत. ओवाळणीचं ताट मात्र सोबत ने.