आई जाऊन आठ महिने झाले. मधेच बरं वाटतं आणि पुन्हा कोसळतो. माझं काही चुकतंय का?

नाही, तुमचं काहीही चुकत नाहीये. तुम्ही लिहिलंय की ‘स्वीकारा’पर्यंत पोचलो असं वाटत होतं, पण परवा कपाटात आईचा चष्मा सापडला आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आलो. या पायऱ्या आधी डोक्यातून काढून टाका.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडले ते मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले, आणि आता जो तो स्वतःचं दुःख त्या पट्टीने मोजत बसतो. आधीच माणूस गेलेलं, त्यात आपण नापास झालो ही बोचणी वर. मला याचा फार राग येतो.

वडील गेले तेव्हा माझंही असंच चाललं होतं. दिवसभर कामात ठीक असायचो. संध्याकाळी बाहेर पडलो की ‘निघालो’ एवढं सांगायला बोट आपसूक त्यांच्या नावावर जायचं, आणि मग लक्षात यायचं. ते लक्षात येणं दर वेळी तितकंच ताजं असायचं. त्यांचा नंबर मी अजून काढलेला नाही आणि काढायची घाईही नाही.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये जे मांडलं, ते मला जास्त खरं वाटतं. शोकातलं माणूस सतत ये-जा करत असतं. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतं, तर कधी त्याकडे पाठ फिरवून कागदपत्रांवरची नावं बदलतं, स्वयंपाक करतं, मित्राबरोबर हसतं. ही ये-जा म्हणजेच शोक. हसलात म्हणून आईला विसरलात असं नाही, आणि चष्मा पाहून रडलात म्हणून मागे गेलात असंही नाही. चष्मा टाकायचा की ठेवायचा हे आत्ता ठरवू नका. एका डब्यात ठेवून द्या. नातेवाईक घाईने कपाट रिकामं करायला निघाले तर स्पष्ट नाही म्हणा.

रात्री तिची चाहूल लागते, वेड तर लागत नाही ना, असंही विचारलंय तुम्ही. डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समध्ये २९३ विधवा-विधुरांना असंच विचारलं होतं. १९७१ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात जवळजवळ निम्म्यांनी गेलेल्या जोडीदाराची जाणीव होते असं सांगितलं. बहुतेकांनी तोवर ते कुणाजवळ बोललेलंही नव्हतं.

‘आता सावर’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. त्यापेक्षा तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकून घेईल असं एक माणूस शोधा आणि सरळ सांगा, “सल्ला नको, मला जरा आईबद्दल बोलायचंय.” झोपेसाठी दारूचा आधार मात्र घेऊ नका. तिने झोप तुटक होते आणि सकाळ आणखी जड जाते.

मदत कधी घ्यायची? दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हा आता निदान होऊ शकणारा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची मुदत आहे, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात प्रौढांसाठी १२ महिन्यांची. पण नुसती तारीख बघून घाबरू नका. जवळजवळ रोज, दिवसभर गेलेल्या माणसाचीच ओढ, काम आणि माणसं दोन्ही सुटलेली, जगण्याला अर्थच नाही असं वाटणं, हे सगळं तसंच टिकून असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुम्ही लिहिलंय त्यात मधले बरे दिवस आहेत, ते मला आश्वासक वाटतात. तरीही कुणाशी बोलावंसं वाटलं तर मुदत संपायची वाट कशाला बघायची? समुपदेशकाकडे आजही जाता येतं.

आणि आईच्या मागे आपणही जावं असा विचार मनात येत असेल, तर हे वाचून झाल्याबरोबर घरातल्या एकाला तोंडाने सांगा, एकटे राहू नका आणि त्यांना सोबत घेऊन आजच डॉक्टरांकडे जा.