म्युझियममध्ये इंटर्नशिप, पहिल्या दिवशी काय असतं?

प्रश्न : ताई, मी पुण्यात टीवाय बीएला आहे, विषय हिस्टरी. सोमवारपासून एका म्युझियममध्ये दोन महिन्यांची इंटर्नशिप आहे, पहिले तीन दिवस ओरिएंटेशन. म्युझिऑलॉजीचा म पण मला माहीत नाही आणि हातून काही फुटलं तर काय याचीच धास्ती बसलीये. काय तयारी करू?

उत्तर : अगं, पहिल्या दिवशी तुझ्या हातात बहुतेक कुणी काही देणारच नाही. बॅग, पाण्याची बाटली, पेन सगळं बाहेर, स्टोअरमध्ये, म्हणजे वस्तू ठेवायच्या खोलीत, फक्त पेन्सिल, कारण शाईचा डाग निघत नाही. अंगठ्या, बांगड्या, लांब ओढणी घरीच ठेव. मग वस्तू कशी उचलायची ते दाखवतील, तिथे नीट लक्ष दे. मी माझ्या वेळी समई घरी उचलतो तशी वरून धरून उचलायला गेले, तिचे भाग आट्यांचे असतात हे लक्षातच नाही, बैठक टेबलावरच राहिली आणि दांडी माझ्या हातात! नशिबाने काही पडलं नाही. तेव्हापासून कान, मूठ, दांडा धरायचा नाही, एक हात कायम खाली, आणि उचलायच्या आधी ठेवायची जागा मोकळी आहे ना ते बघायचं. धातूला घामाचे डाग पडतात म्हणून ग्लोव्हज घालायचे, जुन्या कागदाला मात्र बऱ्याचदा स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे, ग्लोव्हज घातले की पान फाटतंय हे बोटांना कळतच नाही.

पण मला फुटण्यापेक्षा जास्त भीती नंबर हरवायची वाटते. प्रत्येक वस्तूला ॲक्सेशन नंबर असतो आणि रजिस्टरमध्ये त्यापुढे ती कुठून आली, कुणी दिली, कधी आली ते लिहिलेलं असतं. रविवारी केळकर म्युझियममध्ये जाऊन ये. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते म्युझियम आहे. तिथले अडकित्ते आणि दिवे बघ, सगळ्या घरात वापरायच्या वस्तू, आणि असल्या एखाद्या अडकित्त्याला बांधलेली नंबराची चिठ्ठी सुटली तर तो कुठल्या गावचा, कुणाच्या घरातला हे कसं सांगणार? म्हणून चिठ्ठी पडलेली दिसली तर अंदाजाने बांधू नकोस, आहे तिथेच ठेव आणि लगेच सांग. ओरडा बसला तरी सांग.

गॅलरीतल्या गार्डकाकांशी बोल, कुठल्या कपाटापाशी ओल येते, कसर कुठे लागते हे ते रोज बघत असतात. आणि स्टोअरमधले फोटो विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नकोस.