मणक्याच्या ऑपरेशननंतर घरातली डायक्लोफिनॅक द्यावी का?

ताई, वडिलांच्या एल४-एल५ (कमरेतले खालचे दोन मणके) च्या ऑपरेशनला तीन आठवडे झालेत, नुसत्या पॅरासिटामॉलने भागत नाहीये आणि घरात जुनी डायक्लोफिनॅक पडलीये ती देऊ का असं विचारलंय तुम्ही. सर्जनला विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका, आणि आधी डिस्चार्ज पेपर काढून बघा की नुसती डिसेक्टॉमी (मणक्यांमधल्या चकतीचा त्रास देणारा भाग काढणं) केलीये का स्क्रू-रॉड टाकून फ्युजन (दोन मणके एकमेकांना जुळवणं) केलंय.

फ्युजन असेल तर तिथे दोन मणक्यांमधे नवीन हाड धरायला हवं, आणि डायक्लोफिनॅकसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या ज्या प्रोस्टाग्लॅंडिनला (शरीरात सूज-दुखणं आणणारं रसायन) अडवतात तेच त्या हाड भरायच्या कामात लागतं. म्हणून बरेच सर्जन या गोळ्या काही महिने टाळा म्हणतात, काहीजण सुरुवातीला थोडे दिवस कमी डोसमधे चालवतात. माझं पण फ्युजन झालंय, मला सरळ बंद सांगितलेल्या. वडील सिगारेट ओढत असतील तर ती आधी बंद करा, हाड न जुळायला ते मोठं कारण आहे. डिसेक्टॉमीत हाड जुळवायचं नसतं, तिथे डॉक्टर या गोळ्या जास्त मोकळेपणाने देतात.

तरीही बीपीची गोळी, किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करायचं औषध यातलं काही असेल तर आधी सांगायचंच, वय जास्त असेल तर नक्कीच. आणि स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा हो, असिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत येतात, वर परत पॅरासिटामॉल दिली की डबल होतं (मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, लिव्हर नाजूक असेल तर अजून कमी), आणि वर डायक्लोफिनॅक दिली तर एकाच जातीच्या दोन गोळ्या पोटात जातात, फायदा वाढत नाही, पोटातून रक्त जायची भीती मात्र वाढते. दिलीच तर जेवणानंतर.

अजून एक, दुखणं पायात करंट मारल्यासारखं, जळजळीचं असेल तर ते नसेचं आहे, त्यावर या गोळ्या फारशा चालत नाहीत, प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिनबद्दल विचारा. त्याने झोप आणि चक्कर येते, रात्री बाथरूमला जाताना धरून न्या.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. शौच काळं डांबरासारखं झालं तरी तसंच. जखमेतून पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा, ताप नाही म्हणून थांबू नका, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी ताप दबतो.