सबसिडीची वाट बघत भाड्याच्या टेम्पोत मासे आणू नका (रत्नागिरी ते सोलापूर, माझा अनुभव)

दादा, तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात समुद्राच्या माशांचं दुकान टाकलंय, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरनं माल येतो, दोन खेपांना बांगडा मऊ पडला, आणि गाडीसाठी सबसिडीची फाइल टाकलीय, मंजुरी येईपर्यंत भाड्याच्या टेम्पोवर ढकलायचं. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण 2022 ला मी नेमकं हेच केलं होतं.

कल्ले लाल आहेत का, डोळा वर आहे का, बोट दाबल्यावर खड्डा राहतो का, ते तुम्हाला येत असणारच. तुमचा मासा जेट्टीवर खराब नाही, वाटेत खराब होतोय असं मला वाटतं. (मी शास्त्रज्ञ नाही, अधिकारी पण नाही, दुकानदार आहे, त्यामुळे माझा शब्द शेवटचा धरू नका.)

माझं काय झालं ते सांगतो. मे महिना होता, 1 जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून शेवटची मोठी खेप, सगळा बांगडा आणि थोडी सुरमई. माल सुंदर होता. मी स्वतः जेट्टीवर उभा होतो, बर्फाच्या मशीनचा खडखडाट, लिलावात बोली इतक्या भराभर चढतात की नवख्याला कुणी घेतलं तेच कळत नाही, पण तोवर मला ती भाषा यायला लागली होती. बांगडा हातात धरला तर काठीसारखा ताठ. थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ, मासा, बर्फ असे थर लावले, बॉक्सला खाली भोकं पाडलेली होती पाणी निघून जायला. तर टेम्पोवाला म्हणाला, हे खारं पाणी माझ्या गाडीत सांडलं तर पत्रा सडतो, भोकं बंद करा नाहीतर माल उतरवा. त्याचंही चूक नव्हतं, गाडी त्याची. मी फडक्याचे बोळे करून भोकं बुजवली. हीच ती चूक.

अंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला करत रात्रभर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, त्यात मिरजेच्या पुढं टायर फुटलं, मंगळवेढ्यातच ऊन वर आलं. सोलापुरात बॉक्स उघडला तर वर बर्फ दिसत होता, म्हणून जीव भांड्यात पडला. पण हात आत घातला तर खाली कोमट लालसर पाणी आणि त्यात तळाचे दोन थर बुडालेले. पोटाची कातडी फाटून आतडी बाहेर आलेली, अंगावरची चकाकी गेलेली. तो माल मी टाकून दिला. वरचे थर मात्र दिसायला ठीक होते, वास पण नव्हता, ते रविवारी विकले.

त्यातनं पूर्व भागातल्या एका काकूंनी नेले, पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. जेवल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांधी उठल्या, डोकं धरून बसल्या. डॉक्टरांनी विचारलं बांगडा खाल्ला का. नंतर समजून घेतलं तेव्हा कळलं की बांगडा, टुना असल्या माशांना थंडावा कमी पडला की अंगातच हिस्टामिन तयार होतं, त्याला वास असेलच असं नाही आणि शिजवून, तळून ते जात नाही. काकू दोन दिवसात बऱ्या झाल्या, मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण परत आल्या नाहीत. चाळीस हजारांचा माल गेला ते मी भरून काढलं, पण काकूंचं हे अजून आठवतं.

आता तुम्ही म्हणाल स्वतःची गाडी का नव्हती. फाइल होती ना! प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 ला आली, योजना चांगलीच आहे, इन्सुलेटेड (आतला थंडावा टिकवणाऱ्या) गाडीला 20 लाखांचा युनिट खर्च धरलेला, त्यावर अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. मी ज्या कार्यालयात फाइल दिली तिथं मला सांगितलं, मंजुरीच्या आधी गाडी घेतली तर अनुदान नाही. म्हणून मी थांबलो. मग तीन महिन्यांनी म्हणे जागेचा उतारा जुना झाला, नवा आणा. आणला. मग कोटेशनची मुदत संपली, नवं आणा. नव्या कोटेशनमध्ये गाडीचा दर वाढला, म्हणून प्रकल्प अहवाल बदला. तो बदलून दिला तोवर उतारा पुन्हा जुना झाला होता! चौदा महिने. एकदाही कुणी लेखी दिलं नाही की अमुक कमी आहे, सगळं तोंडी, आणि खुर्चीवरचा माणूस बदलला की पहिल्यापासून. मला राग पैशाचा नाही, एकदा नाही म्हणाले असते तर मी पहिल्याच महिन्यात दुसरा मार्ग धरला असता.

तर फाइल चालू राहू द्या, प्रत्येक वेळी पोच घ्या, त्रुटी लेखी मागा. पण धंदा तिच्यावर टांगू नका. मी शेवटी कर्ज काढून जुना छोटा हत्ती घेतला, आतनं पफचे (थंडावा धरून ठेवणाऱ्या फोमचे) पॅनल बसवले, आणि तळाला पाइप काढून त्याला खाली कॅन लावला, पाणी रस्त्यावर पण सांडत नाही आणि माशाखाली पण साचत नाही. तेवढं पण जमत नसेल तर भाड्याच्या टेम्पोत बॉक्सखाली लाकडी फळ्या आणि मोठा प्लास्टिक ट्रे टाका, पण भोकं उघडीच ठेवा. टेम्पोवाला ऐकत नसेल तर टेम्पो बदला.

बर्फ उन्हाळ्यात किलोला किलो. बारीक फोडून घ्या, मोठे ढेकळे माशाला मार देतात आणि मध्ये हवा राहते. सुरमई साफ करून आणत असाल तर पोटात बर्फ भरा.

जेट्टीवर एक मात्र विचारत जा, बोट निघाली कधी. ट्रॉलर आठ-दहा दिवस बाहेर असतो, त्याच्या खणात तळाला पहिल्या दिवसाचा मासा आणि वर काल रात्रीचा, दोन्ही एकाच लिलावात येतात. ओळख झाली की तांडेल (बोटीचे म्होरके) खरं सांगतात, मला सांगतात. आणि पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका, 2023 पासून राज्यात तो नियम आहे, आणि स्वस्त मिळाला तरी ते पुढच्या वर्षीचं पीक आपण खातो.

जून-जुलै दुकान बंद ठेवू नका. इंदापूर नाहीतर भिगवणच्या बाजारातनं उजनीचा चिलापी, कटला, रोहू, मिळाली तर मरळ आणा. आपल्या लोकांना गोड्या पाण्याची चव आधीपासून माहीत आहे, आणि तीन तासांच्या आत माल दुकानात येतो. नंतर श्रावणात विक्री पडतेच, तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर बोटी नुकत्याच बाहेर पडतात म्हणून पहिल्याच आठवड्यात मोठी खेप भरू नका.

आणि ते मऊ पडलेले दोन्ही वेळचे बांगडे कुणाकुणाला विकलेत ते आठवत असेल तर आजच फोन करून विचारा, काही त्रास झाला का. मी केला नव्हता.